तिसऱ्या उन्हाळ्यातले परागकण

तिसऱ्या उन्हाळ्याचे डबे उघडेपर्यंत स्वानंदीला वाटत होतं, निभावून जाईल.

डबे साधेच. प्लास्टिकचे, तळाशी बोटभर ग्लिसरीन घातलेले. नॉर्वेच्या उत्तरेला, बॅरेंट्स समुद्रातल्या एका बेटावर ते गळ्यापर्यंत जमिनीत पुरून ठेवायचे आणि वर्षानं उचलून आणायचे. वर्षभरात वाऱ्यानं जे आणून टाकलं असेल ते ग्लिसरीनला चिकटून राहतं. त्या बेटावर एकही झाड नाही. शेवाळ आहे, गवत आहे, आणि जमिनीला धरून वाढणारी, घोट्यापर्यंतही न येणारी विलोची झुडपं आहेत. तरी डब्यांत पाइनचे परागकण सापडतात. पाइनच्या कणाला दोन्ही अंगांना हवेचे फुगे असतात. दक्षिणेकडच्या जंगलांतून तो उठतो, समुद्र ओलांडतो आणि कुठेतरी पावसाबरोबर, बर्फाबरोबर खाली येतो. असे किती कण येतात हे मोजणं स्वानंदीचं काम होतं. सिंगापूरच्या एका विद्यापीठात ती पोस्टडॉक होती. तिसरं वर्ष चालू होतं आणि डिसेंबरात करार संपणार होता.

पहिल्या वर्षी डब्यांतल्या शंभर कणांत सहा पाइनचे निघाले. दुसऱ्या वर्षी नऊ. तिसऱ्या वर्षी सव्वीस.

तिनं मोजणीचा क्लिकर खाली ठेवला. स्वेटरच्या बाह्या ओढून घेतल्या आणि पुन्हा पहिल्या स्लाइडपासून मोजायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत तीच सव्वीस. दुसऱ्या दिवशी तिसऱ्यांदा मोजलं तेव्हा पंचवीस आले आणि त्या एका कणाच्या फरकानं तिला उगाच बरं वाटलं. ज्यांनी तिला मोजायला शिकवलं होतं ते मेहेंदळे सर वर्गात सांगायचे, मोजणाऱ्यानं आशा ठेवू नये, आशा ठेवली की बोट चुकतं. स्वानंदी गेले सहा महिने आशा ठेवूनच मोजत होती, आणि ती मेहेंदळे सरांसाठीच.

डॉ. दीनानाथ मेहेंदळे पुण्याच्या एका संशोधन संस्थेत होते. स्वानंदी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. १९९३ मध्ये नॉर्वेच्या एका तुकडीबरोबर सर याच बेटावर गेले होते, तिथल्या तळ्याच्या तळातून त्यांनी गाळ काढला होता आणि चार वर्षं त्यातले परागकण मोजले होते. सहा हजार वर्षांपूर्वीच्या थरात त्यांना शेकडा चोवीस पाइन सापडला. त्यावरून त्यांनी मांडलं की तेव्हा हवा उबदार होती आणि त्या उघड्या बेटावर पाइनची झाडं वाढत होती. वारा थोडाफार पाइन आणतो हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी आजूबाजूच्या शेवाळात तपासून पाहिलं होतं, तिथे शेकडा तीनच निघाला होता. तीन कुठे आणि चोवीस कुठे. १९९७ चा तो पेपर सरांची ओळख झाला. त्यांनी पुष्कळ चांगली कामं केली, पण परदेशात कुणी त्यांचं नाव घेतलं तर ते त्या पाइनसाठी.

आता स्वानंदीच्या डब्यांत, झाड नसलेल्या बेटावर, एका वर्षात सव्वीस.

हे कसं झालं तेही कळलं होतं. त्या उन्हाळ्यात बेटावर गारठा होता, गवत आणि विलो नीट फुललेच नाहीत. घरात चारच माणसं असली की दोन पाहुण्यांनीही घर भरल्यासारखं वाटतं, तसं ते होतं. आणि पाहुणे एकदमच आले. तळ्याकाठी हवा शोषून घेणारं एक यंत्र बसवलं होतं, त्यात दिवसागणिक नोंद होती. जूनमधल्या दोन दिवसांत दक्षिणेचा वारा सुटला आणि वर्षभराचा बहुतेक सगळा पाइन त्या दोन दिवसांतच येऊन पडला.

"खात्री आहे?" नॉर्वेहून टोरिलनं विचारलं. प्रकल्प तिचा होता.

"तीनदा मोजलंय."

"मीही मोजते," टोरिल म्हणाली. "खरं निघालं तर १९९७ चा निष्कर्ष टिकत नाही. तुला कळतंय ना?"

स्वानंदीला ते आकडा पाहताक्षणीच कळलं होतं. टोरिलला अर्धे नमुने पाठवले होते, तिचेही सव्वीसच आले.

सर आता सिंगापूरलाच होते. त्यांच्या पत्नी सुरेखाकाकू गेल्यावर मुलगा निशिकांत त्यांना बुकित तिमाहला आपल्या कॉन्डोत घेऊन आला होता. एकोणऐंशी वर्षांच्या सरांच्या डोळ्यांचा पडदा मधोमध झिजला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. समोर बसलेल्या माणसाचे कान दिसायचे, चेहरा दिसायचा नाही. वाचणं बंद झालं होतं. म्हणून स्वानंदी एक शनिवार आड जुरोंग ईस्टहून यायची, खाली गार्डकडे नाव लिहायची, वर जाऊन सरांना नवे पेपर वाचून दाखवायची. इतरांचे. स्वतःच्या कामाबद्दल सर विचारायचे तेव्हा ती म्हणायची, "चालू आहे, सर. मोजतेय."

"पाइन किती?"

"पहिल्या वर्षी सहा, दुसऱ्या वर्षी नऊ."

"म्हणजे तीन जरा कमीच धरला मी," सर हसायचे. "पण चोवीसपर्यंत नाही जात बघ वारा."

तिसऱ्या वर्षाचं तिनं सांगितलं नाही. आधी वाचवता येतं का पाहू, असं तिनं ठरवलं.

वाचवण्याची एक वाट होती. परागकण उडून येतात, पण पाइनच्या सुया, म्हणजे त्याची पानं, फार लांब उडत नाहीत. सुयांवर सूक्ष्म पर्णरंध्रं असतात आणि ती गाळात टिकतात. सरांच्या गाळात एक जरी पर्णरंध्र सापडलं असतं तरी झाड तिथंच होतं म्हणता आलं असतं. सरांच्या जुन्या स्लाइड्सची लाकडी पेटी पुण्याहून तिनं स्वतःच सांभाळून आणली होती. एकूण अठ्ठेचाळीस स्लाइड्स. दीड महिना, दिवसाचं काम संपल्यावर, ती एकेक स्लाइड या कडेपासून त्या कडेपर्यंत पाहत गेली. पाइनचे कण भेटत गेले, सरांनी मोजले होते तितकेच, एकही कमीजास्त नाही. इतकी स्वच्छ मोजणी तिनं कुणाची पाहिली नव्हती. पर्णरंध्र एकही नव्हतं.

मग तिनं शब्द मवाळ करायला घेतले. पेपरच्या मसुद्यात तिनं 'कदाचित' घातलं, 'काही प्रमाणात' घातलं, 'पुनर्विचाराला वाव आहे' असं लिहिलं. टोरिलनं तिन्ही खोडले. "तू जे मोजलंस तेच लिही," तिनं समासात टिपलं होतं. ती वाईट बाई नव्हती. तिचं बरोबरच होतं. आणि स्वानंदीलाही तो पेपर हवा होता. तो नसता तर डिसेंबरनंतर पुढची नोकरी नव्हती आणि सिंगापुरात राहायचा पासही नव्हता.

येत्या शनिवारी सरांना सांगायचं, असं तिनं पक्कं केलं. त्याच आठवड्यात गुरुवारी टोरिलनं मसुदा इंटरनेटवर चढवून टाकला. हल्ली छापण्याआधी सगळेच चढवतात. स्वानंदीला शुक्रवारी संध्याकाळी कळलं. उद्या जायचंच आहे, तिनं स्वतःला समजावलं.

शनिवारी दार प्रणितानं उघडलं. प्रणिता म्हणजे निशिकांतची बायको. "ये गं. आज जेवायलाच थांब, निशिकांतचं काहीतरी सरप्राइज चाललंय."

सर टेबलाशी बसले होते, नेहमीसारखे मान थोडी वळवून, डोळ्याच्या कडेनं माणसं बघत. निशिकांत हातात टॅबलेट घेऊन उभा होता. बँकेच्या आयटीत तो मॅनेजर होता. वडिलांच्या कामातलं त्याला काही कळायचं नाही, आणि त्याची त्याला थोडी लाजही होती.

"बाबा, तुमच्या नावाचा अलर्ट लावून ठेवलाय मी," तो म्हणाला. "कुणी तुमचा पेपर वापरला की मला मेल येतो. आणि काल आला! कुणाचा असेल?"

"कुणाचा?"

"आपल्या स्वानंदीचा!"

स्वानंदी खुर्चीवर नीट बसलीही नव्हती. "दादा, थांबा जरा," ती म्हणाली. "मी सांगणारच होते. मला आधी सरांशी बोलायचं होतं."

"तू काय बोलणार, तू लाजशील. आज मी वाचतो. ऐका, बाबा."

"निशिकांतदादा, प्लीज."

"अगं, एवढं काय!" तो हसला आणि वाचायला लागला. मोठ्यानं, ऑफिसात प्रेझेंटेशन देतात तसं. बेट कुठे आहे, डबे किती, वर्षं किती. सरांचा चेहरा उजळला होता. ते टेबलावर बोटांनी ताल धरल्यासारखं करत होते. "सव्वीस," निशिकांतनं वाचलं, आणि सरांचं बोट थांबलं.

"परत वाच," सर म्हणाले.

"तिसऱ्या वर्षी पाइनचं प्रमाण शेकडा सव्वीस. आणि आता पुढे तुमचं नाव आहे, बाबा, चक्क सारांशात!" आणि तो त्याच उत्साहात पुढचं वाक्य वाचत गेला. मेहेंदळे यांनी १९९७ मध्ये नोंदवलेलं प्रमाण वाऱ्यानं दुरून आणलेल्या परागकणांनीच भरून निघू शकतं. त्यामुळे या बेटावर पाइन वाढत होता, या निष्कर्षाला...

इथे त्याचा आवाज मंदावला. त्यानं वाक्य मनात पुढे वाचलं आणि स्वानंदीकडे पाहिलं.

"पूर्ण कर," सर म्हणाले.

"बाबा, नंतर बघू. जेवून घेऊ."

"पूर्ण कर, निशिकांत."

"...निष्कर्षाला आधार उरत नाही."

प्रणितानं कुकरचं झाकण उघडलं होतं ते तसंच हातात धरून ती उभी राहिली. स्वानंदी उठून सरांच्या खुर्चीपाशी गेली, पण तिथे जाऊन काय करायचं ते तिला सुचेना.

"सर, मी आज सांगणार होते. खरंच."

"डबे किती होते?" सरांनी विचारलं.

"बारा."

"एकाच जागी?"

"नाही. चार तळ्याकाठी, चार उतारावर, चार वर पठारावर."

"सगळीकडे सव्वीस?"

"बावीस ते एकोणतीस."

"एखादी वस्तू फुटली, वरून कचरा पडला, कपड्यांबरोबर काही आलं?"

"तपासलंय. रिकामे डबेही ठेवले होते, झाकण लावलेले. त्यात काही नाही."

"माझ्या स्लाइड्समध्ये पर्णरंध्रं शोधलीस?"

"अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस पाहिल्या, सर."

सर आणखी विचारत राहिले. प्रश्न अचूक होते, तिच्या पीएच.डी.च्या परीक्षकांनीही विचारले नसते इतके अचूक, आणि प्रत्येक प्रश्नाला स्वानंदी मनातून म्हणत होती की इथे काहीतरी चुकलेलं निघू दे. निघालं नाही. प्रत्येक उत्तर तिच्याकडे तयार होतं, कारण उत्तरं तयार ठेवायला त्यांनीच शिकवलं होतं.

शेवटी सरांचे प्रश्न संपले. "वरण गार होतंय," ते म्हणाले आणि ताटाच्या कडेवरून बोट फिरवत भात शोधू लागले.

मंगळवारी निशिकांतचा फोन आला. "बाबांना तुझ्या लॅबमध्ये यायचंय. म्हणतात, बघायचंय." त्याचा आवाज पडलेला होता. "स्वानंदी, मला खरंच माहीत नव्हतं गं. मला वाटलं, त्यांना आनंद होईल."

"तुमचं काही चुकलं नाही, दादा. मीच उशीर केला."

तो त्यांना टॅक्सीनं घेऊन आला आणि फोनवर मीटिंग आहे म्हणून खालीच थांबला. सर आत आले. लॅबमधल्या एसीच्या गारव्यानं त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. स्वानंदीनं त्यांच्यापुढे स्लाइड्सची पेटी ठेवली. त्यांनी झाकण काढून स्लाइड्सच्या कडांवरून अंगठा फिरवला. चिठ्ठ्यांवरचं अक्षर सुरेखाकाकूंचं होतं. सरांचं अक्षर कुणाला लागत नसे, म्हणून नंबर घालायचं काम काकूंकडे असायचं, हे संस्थेत सगळ्यांना ठाऊक होतं.

"ती म्हणायची, एवढं लांब जाऊन चिखल आणलात," सर म्हणाले. "लाव. माझा एक कण लाव आणि तुझ्या डब्यातला एक."

तिनं कॅमेरा जोडून मोठ्या पडद्यावर दोन कण शेजारीशेजारी आणले. प्रत्येक कण ताटाएवढा दिसत होता. मधला गोल भाग आणि दोन्ही बाजूंना फुगे. सर पडद्यापासून वीतभर अंतरावर गेले, मग मागे आले, मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. बराच वेळ ते तसं करत राहिले.

"डावा माझा ना? फुगा जरा चेपलेला आहे."

डावा डब्यातला होता. गेल्या उन्हाळ्यातला.

स्वानंदीनं क्षणभर विचार केला. हो म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण आजवर त्यांच्यापुढे तिनं एकही आकडा खोटा सांगितला नव्हता.

"नाही, सर. उजवा तुमचा."

"अच्छा." ते खुर्चीत बसले. "खरं सांगू? मला दोन्ही नीट दिसत नाहीत. धुरकट काहीतरी आहे एवढंच. मी आयुष्यात कुणाच्या सांगण्यावरून काही मानलं नाही, स्वानंदी. विद्यार्थ्यांच्या स्लाइड्ससुद्धा मी परत मोजायचो. तुझ्याही मोजल्या होत्या."

"आठवतंय."

"आता तू सव्वीस म्हणतेस तर मला सव्वीस मानावं लागतं. दुसरा इलाज नाही." त्यांनी पेटीचं झाकण चाचपून बसवलं. "दुसऱ्या कुणी मोजलंय?"

"टोरिलनं. तिचेही सव्वीस."

"बरं झालं," ते म्हणाले, पण तसा त्यांचा आवाज नव्हता.

जाताना तिनं धीर करून विचारलं, "सर, स्लाइड्स तुमच्या आहेत, जुने आकडे तुमचे आहेत. पेपरवर तुमचं नाव घालू का? टोरिल तयार आहे."

सरांनी तिच्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "माझं मोडण्याच्या कामात मला भागीदार करतेस?"

"तसं नाही, सर."

"मग कसं? कीव येते म्हणून?" ते पहिल्यांदाच चिडले होते. काठी शोधताना त्यांचा हात टेबलावर आपटला. तिनं काठी हातात दिली ती त्यांनी घेतली, पण तिचा हात धरला नाही. भिंत चाचपत ते बाहेर गेले.

त्यानंतर सकाळचे फोन सुरू झाले. साडेसातला, ती जुरोंग ईस्टच्या फलाटावर गाडीची वाट पाहत असताना. गर्दीत एक कान बोटानं बंद करून ती ऐकायची.

"स्वानंदी, त्या बेटावर कुणी लाकूड शोधलंय का? गाळात खोल?"

"टोरिलच्या आधीच्या तुकडीनं शोधलं होतं, सर. समुद्रानं वाहून आणलेले ओंडके आहेत, तिथे वाढलेलं काही नाही."

दुसऱ्या दिवशी, "माझा तो थर एका वर्षाचा नव्हता गं, शंभरेक वर्षांचा होता. तुझ्यासारखा एखादा वाईट उन्हाळा शंभर वर्षांत मिसळून पुसला जाईल."

हा मुद्दा खरंच वजनदार होता. स्वानंदी दिवसभर त्यावर विचार करत बसली. संध्याकाळी तिनं टोरिलला फोन लावला, आणि दोघींनी मिळून गणित केलं. तसे गार उन्हाळे वरचेवर आले असते तर आकडा पुन्हा चोवीसपाशीच येत होता. तिनं ते सकाळी सरांना सांगितलं.

मग एका सकाळी सर जवळजवळ आनंदानं बोलले. रात्रभर विचार केला होता म्हणाले. "आजचा वारा तू मोजलास. सहा हजार वर्षांपूर्वीचा वारा कोण मोजतंय? तेव्हा तो असाच वाहत होता हे तुला कुठे ठाऊक?"

गाडी आली. स्वानंदी चढली नाही. "नाही ठाऊक, सर."

"मग?"

"मग झाडं नव्हती असं मला म्हणता येत नाही. पण होती असंही आपल्याला म्हणता येत नाही. पेपरात तेवढंच आहे. आधार उरत नाही, एवढंच."

पुढची गाडी येऊन गेली.

"म्हणजे खोटंही ठरलं नाही," ते म्हणाले. "अठ्ठावीस वर्षांचं नुसतं 'सांगता येत नाही' झालं."

तिला काहीतरी बोलायचं होतं. तुमची मोजणी अचूक होती. तीन म्हटलं तेव्हा तुमच्याकडे तेवढंच होतं, एका उन्हाळ्यात कुणाला किती कळणार. यातलं काहीच तिला फोनवर म्हणता आलं नाही. दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. नंतरही नाही.

पुढच्या शनिवारी ती गेली तेव्हा प्रणिता दारातच म्हणाली, "झोपलेत गं." आतल्या खोलीतून फोनवरच्या बातम्या ऐकू येत होत्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "काय करू सांग," प्रणिता हळूच म्हणाली. "जेवतात, फिरायला जातात, सगळं करतात. बोलत नाहीत. निशिकांत रोज विचारतो, काही वाचू का. नको म्हणतात." स्वानंदीनं आणलेली पपई दिली आणि ती परत गेली. त्याच्या पुढच्या शनिवारी सर बाहेर येऊन बसले. त्यांनी तिच्या आईची तब्येत विचारली, पुण्यातल्या उन्हाची चौकशी केली. पेपर वाचायला काढू का, असं तिनं विचारलं तर म्हणाले, "राहू दे. डोकं दुखतं."

नोव्हेंबरच्या सुरुवातीला नियतकालिकाच्या संपादकांचं पत्र आलं. पेपर स्वीकारला होता. ज्यांच्या कामाबद्दल इतकं स्पष्ट लिहिलं आहे त्यांना उत्तर द्यायची संधी मिळावी, म्हणून डॉ. मेहेंदळे यांना त्यांनी चार आठवडे दिले होते. उत्तर पेपरसोबत छापलं जाणार होतं.

दोन दिवसांनी सरांचा फोन आला. "तुला वेळ आहे का? हे मला लिहायचंय. निशिकांतला स्पेलिंग सांगत बसलो तर महिना जाईल. इथे हे शब्द समजणारी तू एकटीच आहेस."

"मी लिहू? माझ्याच पेपरचं उत्तर?"

"दुसरं कोण आहे?"

शनिवारी दुपारी ती लॅपटॉप घेऊन बसली. निशिकांत आणि प्रणिता बाहेर गेले होते. खाली तरणतलावावर मुलांचा गलका चालला होता, म्हणून सरांनी बाल्कनीचं दार ओढायला सांगितलं. मग ते सांगू लागले. इंग्रजीतून, संथपणे, स्वल्पविरामांसकट. गाळाच्या थराचा मुद्दा, सरासरीचा मुद्दा, जुन्या वाऱ्याचा मुद्दा. अडीच पानं झाली. स्वानंदी टाइप करत होती आणि तिला मनातून बरं वाटत होतं. छापू दे हे सगळं. लोक वाचतील, दोन्ही बाजू आहेत म्हणतील.

"आता वाच," सर म्हणाले.

तिनं वाचलं.

"पहिला परिच्छेद काढ. त्याचं उत्तर तू दिलंयस."

"सर, राहू दे ना. मुद्दा आहे तो."

"त्याचं उत्तर तू दिलंयस," ते पुन्हा म्हणाले. "गणित करून. काढ."

तिनं काढला. मग त्यांनी दुसरा काढायला लावला. जुन्या वाऱ्याचा राहिला होता, त्यावर ते थांबले. स्वानंदी वाट पाहत राहिली. हा तरी ठेवा, असं तिच्या ओठांवर आलं होतं.

"हा मुद्दा खरा आहे," सर म्हणाले. "पण तो माझ्या बाजूचा नाही. कुणाच्याच बाजूचा नाही. काढ."

पडद्यावर फक्त नाव आणि पत्ता उरला. सरांनी खुर्चीच्या हातावर हात ठेवले आणि तीन वाक्यं सांगितली. १९९७ च्या पेपरातली मोजणी माझी होती आणि ती बरोबर आहे. तिच्यावरून मी जो निष्कर्ष काढला तो आता काढता येत नाही. स्लाइड्स उपलब्ध आहेत, ज्यांना मोजायच्या असतील त्यांनी मोजाव्यात.

"मी एक ओळ घालू?" स्वानंदीनं विचारलं. "तुम्ही सगळे मूळ आकडे जपून ठेवले म्हणूनच आम्हाला हे तपासता आलं, एवढंच."

"नको."

"खरं आहे ते, सर."

"असेल. ते तू तुझ्या पेपरात लिही. माझ्या पत्रात नको." मग थोड्या वेळानं ते म्हणाले, "पाठव."

तिनं बोट बटणावर ठेवलं, पण दाबवेना. तिला वाटलं, सर आता थांब म्हणतील. ते तोंड बाल्कनीकडे करून बसले होते. तिकडे त्यांना काय दिसत होतं कुणास ठाऊक.

"गेलं?"

तिनं बटण दाबलं. "गेलं."

"नाव बरोबर लिहिलंस ना? ते लोक मेहेंदळेचा 'ळ' खातात."

"बरोबर लिहिलंय."

स्वानंदीनं लॅपटॉप मिटला, पण ती उठली नाही. जाऊ का, असं विचारायचीही तिला भीती वाटत होती. दोघं तसेच बसून राहिले. तास झाला असेल, मग दारात किल्लीचा आवाज आला. निशिकांत आणि प्रणिता भाजीच्या पिशव्या घेऊन आत आले.

"काय केलंत दोघांनी दुपारभर?" निशिकांतनं विचारलं. त्याच्या आवाजात इतकी आशा होती की स्वानंदीनं नजर खाली वळवली.

"पत्र लिहिलं," सर म्हणाले.

"अरे वा! लांबलचक?"

"तीन ओळी."

"एवढा वेळ तीन ओळींना?"

सर उठायला निघाले. ते काठीसाठी हात पुढे करत होते. काठी खुर्चीच्या डाव्या बाजूला होती आणि त्यांचा हात उजवीकडे फिरत होता.